पटावरचें नांव

वर्षाच्या अखेरीस शाळेचा अहवाल वाचला जातो. शालांत परीक्षेस किती विद्यार्थी बसले, किती उत्तीर्ण झाले, शिष्यवृत्त्या कोणास मिळाल्या, खेळांची ढाल कोणत्या वर्गानें जिंकली, हें सर्व त्यांत असतें आणि असावेंही. परंतु एक आंकडा त्यांत सहसा येत नाहीं. जूनमध्यें ज्यांचीं नांवें पटावर होतीं आणि मार्चपर्यंत ज्यांच्या नांवावर तांबडी रेघ ओढली गेली, अशीं मुलें किती, व तीं कां गेलीं, हें कोणी विचारीत नाहीं आणि कोणी सांगतही नाहीं. कांहींच्या वडिलांची बदली होते, कांहींचें बिऱ्हाड दुसऱ्या गांवीं जातें; त्यांची गोष्ट वेगळी. आज ज्यांच्याविषयीं लिहावयाचें आहे तीं मुलें पुष्कळदां गांवांतच असतात, आपल्याच गल्लींत राहतात. शाळेची वाट मात्र त्यांना बंद झालेली असते.

अशा मुलांचे दोन वर्ग आहेत. शिकण्याच्या वयांत ज्यांच्यावर आईबापपणाचा भार पडला, तीं एका वर्गांत येतात; कोणा मोठ्या माणसानें ज्यांच्यावर अत्याचार केला, तीं दुसऱ्या. पुष्कळ वेळां हे दोन्ही वर्ग एकच असतात, कारण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या मातृत्वामागें बहुधा कोणाचा तरी अन्याय असतोच. या विषयावर शाळेच्या वार्षिकांत लिहावें काय, अशी शंका कांहीं पालकांच्या मनांत येईल. त्यांस आमचें नम्र उत्तर असें कीं, जी गोष्ट मुलांवर गुदरते ती मुलांच्या पुढें सभ्य शब्दांत बोलण्यास वडील माणसांनीं भिऊं नये. आपण गप्प बसलों म्हणून दुःख थांबत नाहीं. तें सोसणारें मूल मात्र एकटें पडतें.

आमचें म्हणणें थोडक्यांत इतकेंच आहे: मुलावर संकट आलें म्हणून त्याचें नांव पटावरून जाऊं देऊं नये. शाळेला दुसरें कांहीं साधलें न साधलें तरी हें एक तिनें साधावें, आणि पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं तिला त्यांत साहाय्य करावें.

हा प्रश्न एखाददुसऱ्या दुर्दैवी मुलाचा आहे असें कोणीं समजूं नये. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा २१.९ जणींचीं लग्नें अठरावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच झालेलीं आढळलीं. १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ७.६ जणी त्या वेळीं माता झालेल्या होत्या किंवा गर्भवती होत्या. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांना प्रश्न विचारले होते. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक मुलांनीं कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचें सांगितलें. त्यांत मुलगे होते, मुलीही होत्या. आणि छळणारीं माणसें बरेच वेळां ओळखीचीं व विश्वासांतलीं होतीं. हे आंकडे डोळ्यांपुढें ठेवून आपल्या शाळेचा पट उघडला, तर आमच्या शाळेंत असें कांहीं नाहीं, असें छातीठोकपणें म्हणण्यास कोणीही मुख्याध्यापक धजणार नाहीं.

मूल शाळेंतून एकाएकीं जात नाहीं. तें हळूहळू निसटतें. लग्न झालेली मुलगी प्रथम आठ दिवस येत नाहीं. मग ती मंगळसूत्र ओढणीखालीं झांकून येते, कारण वर्गांत कुजबूज चालते. पुढें तिला दिवस गेले कीं घरचीं माणसें तिला पाठविण्यास लाजतात. शेवटीं कोणी तरी कचेरींत येऊन शाळा सोडल्याचा दाखला मागतो. कारणाच्या रकान्यांत पालकांची इच्छा असें कांहींसें लिहिलें जातें, आणि त्या दोन शब्दांखालीं सारी हकीकत बुजून जाते. तिला कोणीं घालवून दिलें असें म्हणतां येत नाहीं. परंतु दाखला लिहून देतांना, ती येऊं शकेल अशी कांहीं व्यवस्था करूं काय, हा प्रश्नही कोणीं विचारलेला नसतो.

मुलाचीही गत फारशी निराळी नाहीं. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांत नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, आणि मुकादमाकडून उचल त्या कोयत्यावर मिळते. वयांत आलेली मुलगी सहा महिने गांवीं कोणाच्या भरंवशावर ठेवावी, ही आईबापांची चिंता. आणि लग्न उरकलें कीं एक कोयता वाढतो, हा पोटाचा हिशेब. या दोहोंमध्यें मुलीचें शिक्षण तुटतें आणि तिच्याशीं लग्न लाविलेल्या पोरसवदा मुलाचेंही तुटतें. सतराव्या वर्षीं बाप झालेल्या मुलास, आतां कमावूं लाग, इतकेंच जग सांगतें. त्याची पुस्तकें माळ्यावर जातात.

ज्या मुलावर अत्याचार झाला त्याची वाट वेगळी असते. त्याचें लक्ष उडतें, सोपीं गणितें चुकूं लागतात, गृहपाठ राहतो, पोटांत दुखतें म्हणून तें सकाळीं उठत नाहीं. आपण त्यास आळशी म्हणतों, क्वचित् शिक्षाही करतों. गोष्ट उघडकीस आली तर दवाखाना, पोलीस आणि न्यायालयाच्या तारखा यांत त्याचे दिवस जातात. त्रास देणारा शेजारचाच असेल तर शाळेचा रस्ता त्याच्याच दारावरून जातो. अखेर, बदनामी नको, म्हणून मुलास मामाच्या गांवीं धाडतात. अपराध करणारा आपल्या ओट्यावर बसून राहतो, आणि मूल गांव सोडतें. या उलट्या न्यायांत शाळेनें भागीदार होऊं नये.

याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा कीं, अशी मुलगी वर्गांत बसली तर इतर मुलींना वाईट उदाहरण होईल. हीच भीति धरून आफ्रिकेंतील सिएरा लिओन व टांझानिया या देशांनीं गरोदर मुलींना शाळेची मनाई केली होती. सिएरा लिओनमधील मनाई पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमूहाच्या न्यायालयानें डिसेंबर २०१९ मध्यें बेकायदेशीर ठरविली व मार्च २०२० मध्यें ती उठविण्यांत आली. टांझानियानें नोव्हेंबर २०२१ मध्यें आपलें धोरण बदलून बाळंतपणानंतर मुलींना शाळेंत परत घेण्याचें ठरविलें. केनियानें तर १९९४ सालापासूनच असें परतीचें धोरण स्वीकारलें होतें. मनाईनें मुलीचें शिक्षण थांबतें. ज्या कारणांनीं ती लहान वयांत माता होते तीं कारणें थांबत नाहींत. आणि खरें पाहतां ती मुलगी शेजारच्या बाकावरील मैत्रिणींना काय शिकवील? रात्रभर तान्ह्या मुलासाठीं जागून सकाळीं भूमितीचा सिद्धांत पाठ करणें किती अवघड असतें, हेंच ना? तें पाहून कोणास मोह पडेल असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरा आक्षेप शाळेच्या नांवाचा. असल्या गोष्टींशीं शाळेचा संबंध आला तर लोक काय म्हणतील? या ठिकाणीं मिशनच्या शाळांनीं आपला पूर्वेतिहास आठवावा. अमेरिकन मराठी मिशननें १८२४ सालीं मुंबईंत मुलींची शाळा उघडली तेव्हां मुलींनीं अक्षर गिरविणें हीच नाचक्कीची गोष्ट समजली जात असे. मिस सिंथिया फरार १८२७ सालीं या देशांत आल्या, आणि पुढें अहमदनगर येथें मुलींच्या शाळा चालवीत १८६२ सालीं तेथेंच वारल्या. लोक काय म्हणतील याचा विचार त्यांनीं केला असता तर त्या शाळा निघाल्याच नसत्या. ज्यांना कोणी दार उघडीत नव्हतें त्यांना दार उघडून या शाळांनीं नांव मिळविलें. तेंच नांव राखण्यासाठीं आज दार लावून घ्यावें, हें विपरीत होय.

तिसरा आक्षेप अधिक कळवळ्याचा वाटतो. आतां तिला मूल झालें. शिकून तिला काय करावयाचें आहे? तिनें आपलें घर सांभाळावें. या आक्षेपास महाराष्ट्राच्या इतिहासानेंच उत्तर दिलें आहे. आनंदीबाई जोशी यांचा विवाह नवव्या वर्षीं झाला. चौदाव्या वर्षीं त्या माता झाल्या, आणि तें मूल अवघ्या दहा दिवसांत गेलें. त्या दुःखानंतर ही मुलगी पुस्तकाजवळ गेली, आणि १८८६ सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून डॉक्टर होऊन बाहेर पडली. पुढल्याच वर्षीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्याच्या आधींच, क्षयानें त्यांचा अंत झाला, तरी त्या वाटेनें पुढें कितीतरी जणी गेल्या. दुसरें उदाहरण रखमाबाईंचें. अकराव्या वर्षीं लग्न झाल्यावर त्यांची शाळा सुटली. परंतु त्या घरीं राहून मिशनच्या ग्रंथालयांतील पुस्तकें आणून वाचीत राहिल्या. नवऱ्याच्या घरीं नांदावयास जाण्यास त्यांनीं नकार दिला, तेव्हां न्यायालयानें १८८७ सालीं, नांदा किंवा तुरुंगांत जा, असा हुकूम दिला. त्यांनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. हा वाद मिटल्यावर त्या १८८९ सालीं इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या, आणि परत येऊन त्यांनीं सुरत व राजकोट येथें स्त्रियांची सेवा केली. या दोघींच्या हातून पुस्तक कायमचें सुटलें असतें तर आज त्यांचें नांवही कोणास ठाऊक नसतें.

आणि जें मूल जन्मास येतें त्याचें काय? जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें, तें फसविल्या गेलेल्या विधवांना सुरक्षितपणें बाळंत होतां यावें म्हणून. तेथें जन्मलेल्या एका मुलास त्यांनीं दत्तक घेतलें. तो यशवंत पुढें डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाईंसमवेत रोग्यांची शुश्रूषा करीत होता. पंडिता रमाबाईंनीं १८९६-९७ च्या दुष्काळांत निराश्रित मुलींना केडगांवीं आणलें, तेव्हां त्यांनीं केवळ अन्नवस्त्र देऊन समाधान मानलें नाहीं. अक्षरें शिकविलीं आणि हातास धंदा दिला. या थोर माणसांना एक गोष्ट नीट समजली होती. दया दाखवून मूल एक दिवस जगतें. शिक्षण दिलें तर तें पुढें आपल्या पायांवर उभें राहतें.

येथें एक खुलासा करणें अगत्याचें आहे. मुलीस शाळेंत ठेवावें याचा अर्थ बालविवाहाकडे किंवा अत्याचाराकडे डोळेझांक करावी असा नव्हे. २००६ च्या कायद्यानें मुलीचें अठरा व मुलाचें एकवीस वर्षें पुरें होण्यापूर्वींचें लग्न लावणें हा गुन्हा आहे. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणें, अठरा वर्षांखालील मुलावर असा अपराध झाल्याचें ज्यास समजेल त्यानें पोलिसांस कळविलेंच पाहिजे. संस्थेच्या प्रमुखानें तें दडविल्यास त्यास शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं, बायको अठरा वर्षांखालील असेल तर नवऱ्यासही यांतून सूट नाहीं, असा निर्णय दिला. या कायद्यांच्या धाकानें घरचीं माणसें मुलीला लपवून ठेवतात, दवाखान्यांतही नेत नाहींत, मग शाळेंत कोठून पाठविणार? म्हणून शाळेचें काम दुहेरी आहे. जें कळविणें कर्तव्य आहे तें तिनें कळवावें, आणि त्याच वेळीं मुलीस निःसंदिग्ध शब्दांत सांगावें कीं, तुझी जागा तुझीच आहे. कायदा अपराध करणाऱ्यास शिक्षा सांगतो. मुलास शाळेंतून काढावें असें तो कोठेंही सांगत नाहीं. उलट त्याच कायद्यानें मुलाचें नांव प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे, आणि त्याचा जबाब त्याच्या घरीं अथवा त्याला रुचेल त्या ठिकाणीं, गणवेश न घालतां घ्यावा असें ठरविलें आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणें प्राथमिक शिक्षण पुरें होईपर्यंत कोणत्याही मुलास शाळेंतून काढतां येत नाहीं. आणि ज्याची शाळा मध्येंच सुटली त्यास वयास योग्य अशा वर्गांत घ्यावें लागतें.

मग करावें तरी काय? यास मोठी इमारत किंवा मोठा निधि लागत नाहीं. कोणी दाखला मागावयास आला तर तो त्याच दिवशीं लिहून देऊं नये. मुख्याध्यापकांनीं प्रथम मुलाशीं व पालकांशीं स्वतः बोलावें. प्रत्येक शाळेंत ज्यांच्याजवळ मूल मन मोकळें करूं शकेल अशी एखादी शिक्षिका वा शिक्षक नेमलेले असावे, आणि ते कोण हें सर्व मुलांस ठाऊक असावें. महाराष्ट्र सरकारनें २०२२ सालीं शाळांशाळांतून सखी सावित्री समित्या स्थापण्याचा आदेश काढला. ती समिति कागदावर न राहतां तिनें गैरहजर मुलांच्या घरीं जाऊन विचारपूस करावी. बाळंतपणामुळें, आजारामुळें किंवा न्यायालयाच्या तारखेमुळें हजेरी कमी पडली, तर नियमांत जी सवलत मिळूं शकते ती मागण्याचे कष्ट शाळेनेंच घ्यावे. तान्ह्या मुलाच्या आईस मधल्या सुटींत घरीं जाऊन मुलाला पाजून येऊं द्यावें. वर्गांत येणें खरोखरच अशक्य असेल तर १७ नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेस बसतां येतें, रात्रशाळा आहेत, मुक्त विद्यालय आहे. परंतु हे मार्ग शेवटचे होत. नको असलेलें मूल वाटेस लावण्याची ती सोय नव्हे.

पालकांस आमची विनंती आहे. मुलीचें लग्न उरकणें म्हणजे काळजी मिटणें नव्हे. लग्न होऊनच गेलें असेल, नातवंड घरांत आलें असेल, तर आजीनें दुपारीं तें मांडीवर घ्यावें व सुनेला किंवा लेकीला शाळेंत धाडावें. त्या तीन-चार वर्षांत जें शिक्षण होईल त्याचा लाभ त्या नातवंडासच मिळणार आहे. आणि आपलें मूल एखाद्या माणसाकडे जाण्यास नाखूष असेल, त्याचें नांव काढतांच गप्प होत असेल, तर तो माणूस कितीही जवळचा असो, मुलावर रागावण्यापूर्वीं त्याचें ऐकून घ्यावें. मूल खोटें बोलतें असें म्हणून त्याचें तोंड एकदां बंद केलें, तर तें पुन्हां उघडणें फार कठीण जातें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या हातीं आमच्याहून अधिक आहे. एखादी मैत्रीण वा मित्र दीर्घ गैरहजेरीनंतर परत येईल तेव्हां, कोठें होतीस, काय झालें, असे प्रश्न विचारूं नका. आपल्या बाकावर जागा करा आणि मागील धड्यांची वही पुढें सरकवा. त्याच्याविषयीं कांहीं कानावर आलें तर तें तेथेंच राहूं द्या. हल्लीं हातांतील मोबाइलवरून एक वाक्य, एक छायाचित्र क्षणांत साऱ्या गांवांत पोहोंचतें, आणि तें परत घेतां येत नाहीं. कींव करूं नका, कारण कींव केल्यानें माणूस खालीं बसतो, बरोबरीनें वागा.

हें वाचणाऱ्यांमध्यें कदाचित् असें एखादें मूल असेल कीं ज्याच्याविषयींच हा लेख आहे. बाळ, जें घडलें त्यांत तुझा दोष नाहीं. ज्यांच्यावर तुझा विश्वास आहे अशा एका वडील माणसास तें सांग. त्यानें ऐकलें नाहीं तर दुसऱ्यास सांग. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनि क्रमांक आहे. १९९६ सालीं मुंबईंत सुरू झालेली ही सेवा आज देशभर चालते, आणि तेथें दिवसा-रात्रीं केव्हांही बोलतां येतें, पैसे पडत नाहींत.

शंभरांपैकीं एक मेंढरू हरवलें तेव्हां नव्व्याण्णव सोडून त्या एकाच्या शोधास निघालेल्या मेंढपाळाचा दृष्टांत या शाळेंतील प्रत्येक मुलानें प्रार्थनेच्या वेळीं ऐकलेला आहे. तो मेंढपाळ त्या मेंढराला, तूं कां हरवलास, असें विचारीत बसला नाहीं. त्यानें त्याला खांद्यावर घेऊन घरीं आणलें. पुढल्या वर्षींच्या अहवालांत निकालाच्या आंकड्यांशेजारीं आणखी एक ओळ यावी, अशी आमची इच्छा आहे: या वर्षीं इतकीं मुलें संकटांत सांपडलीं, आणि तीं सर्व अद्याप आपल्या पटावर आहेत.